शेवटचा डबा यायचाय

गार्डकाका तोंडाने 'नाही' म्हणत नसत. ते लाल झेंडी दाखवत. रेल्वेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी गुंडाळलेल्या दोन झेंड्या त्यांच्या डाव्या काखेत असायच्याच. जयपूरच्या शास्त्री नगरातल्या आमच्या गल्लीत कुणी कचऱ्याची पिशवी गटारात भिरकावायला हात उचलला की समोर लाल झेंडी. कुणी मोटारसायकल भरधाव आणली की लाल झेंडी. एकदा त्यांनी ती वरातीतल्या घोड्याला दाखवली आणि घोडा खरंच थांबला, नवरदेव तेवढा पुढे झुकला. आमच्या घरी दुसरा कप चहा नको असला तरी ते बोलत नसत, झेंडीचं टोक जरासं बाहेर काढत. माझी आई हसून किटली मागे घ्यायची.

हिरवी मात्र क्वचितच निघे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "लाल कोनीही दाखवते, पोरी. हिरवी दाखवली की मंग जे होईल ते आपल्या माथ्यावर." झेंड्या रेल्वेच्या नव्हत्या. सरकारी वस्तू घरी आणणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग होता. या दोन्ही काकूंनी मशीनवर शिवल्या होत्या, हिरवी तर त्यांच्याच एका जुन्या साडीची. "साडी माही, काठी यांची, अन् रुबाब पाहा कोनाचा," असं काकू म्हणायच्या.

ते मूळचे बडनेऱ्याकडचे. उभी नोकरी मालगाडीवर गेली आणि शेवटची बदली जयपूरला झाली, तेव्हा गुडघ्यांनीच आता पुरे म्हटलं आणि ते तिथेच राहिले. माझे वडील रेल्वेच्याच ऑफिसात होते, म्हणून आमचा घरोबा. आम्ही साताऱ्याकडचे. त्यामुळे आमच्या घरात साताऱ्याची मराठी, काकांची वऱ्हाडी आणि माझी जी काही होती ती, अशा तिन्ही एका वेळी चालत. मी तेव्हा कॉलेजात होते आणि दर वाक्यात 'मतलब' म्हणायचे. काका ऐकून घेत आणि म्हणत, "तुह्या मराठीले हिंदीचं इंजिन लागलं आहे. चालू दे, पोहोचल्याशी कारण."

त्यांच्या बोलण्यात शेवटचा डबा फार यायचा. मालगाडीचा गार्ड एकटा सगळ्यात मागे, ब्रेकव्हॅनमध्ये बसतो. त्या शेवटच्या डब्यामागे एक पाटी लावलेली असते, पिवळ्यावर काळी इंग्रजी अक्षरं, 'एलव्ही', लास्ट व्हेइकल. म्हणजे हा शेवटचा. गाडी स्टेशनातून गेली की तिथला माणूस इंजिनाकडे बघत नाही, ती पाटी दिसते का ते बघतो. पाटी दिसली तरच गाडी पूर्ण आली. नाही दिसली तर डबे मागे कुठेतरी तुटून राहिलेत, आणि मग मागच्या गाडीला सोडायचं नाही. काका सांगत, "इंजिन आलं म्हनून गाडी आली असं समजनारा मानूस रेल्वेत एक दिवसही टिकत नाई. अन् देशात पाहा, सगळे इंजिनालेच हार घालतात."

त्या वर्षांत सरकारचं एक मोठं अभियान आलं. नाव 'नवसंस्कार'. समाज सुधारायचा, नीती सुधारायची आणि पर्यावरणही सुधारायचं, तिन्ही एकदम आणि तेही रविवारी सकाळी. भिंती रंगल्या, रिक्षांवर भोंगे लागले. आमच्या वॉर्डाची सभा बागेत भरली. पार्षदजी, म्हणजे आमचे नगरसेवक, हात जोडूनच जन्मले असावेत असे गृहस्थ, मंचावरून सगळ्यांना प्लास्टिक न वापरण्याची शपथ देणार होते. उन्हं चढली होती म्हणून शपथेआधी पाणी वाटलं गेलं. प्लास्टिकच्या पाऊचमधून! लोकांनी दातांनी कोपरे तोडले, पाणी प्यायलं, पाऊच पायाखाली टाकले आणि शपथेसाठी उजवे हात वर केले. त्या सगळ्या हातांच्या वर एक लाल झेंडी आली.

"पहले ये उठाओ," काका म्हणाले, "फिर शपथ लो."

मग मागच्या बायका हसायला लागल्या. पार्षदजी मुरलेले होते. हसतच म्हणाले, "तो काम आप ही सँभालो, पंडितजी. हर वार्ड को एक आदर्श काम दिखाना है. बोलिए, क्या करेंगे?"

"प्याऊ," काका म्हणाले. म्हणजे पाणपोई. जराही थांबले नाहीत. वाटलं की हे उत्तर ते कितीतरी वर्षं खिशात घेऊन हिंडत होते.

इथे एक सांगायला हवं. गल्लीतले लोक त्यांना 'पंडितजी' म्हणत. जयपुरात एक गोड गैरसमज होता: मराठी माणूस, स्वच्छ पांढरे कपडे, तोंडात शिवी नाही, म्हणजे ब्राह्मणच असणार. काकांच्या आडनावावरून तिथे कुणाला काही उमगायचं नाही. महाराष्ट्रात आडनाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात कप्पा उघडतो. तिथे तो कप्पाच नव्हता, म्हणून लोकांनी हाताला लागेल त्यात त्यांना ठेवून दिलं. काका दर वेळी म्हणत, "पंडित नहीं, गार्ड." लोकांना तो त्यांचा विनय वाटे.

पाणपोई झाली. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राकडे सायकलीने जाणारे कामगार ज्या कोपऱ्यावरून वळत, तिथे गवताने शाकारलेली खोप, खाली ओली वाळू, वाळूत मांडलेले माठ, माठांवर लाल फडकं. भल्या सकाळी नळाला पाणी आलं की काका शिळं पाणी झाडांना घालून माठ घासत आणि ताजं भरत. पार्षदजींनी आपल्याकडून एक रामझारा पाठवला. रामझारा म्हणजे लांब तोटीचं पितळी भांडं. तिकडच्या पाणपोयांवर तहानलेला माणूस खाली वाकून ओंजळ धरतो आणि वाढणारा वरून धार सोडतो. भांडं कुणाच्या हाताला लागत नाही, ओठाला तर नाहीच.

काकांनी रामझारा काकूंना दिला आणि सांगितलं, तुळशीले पानी घाल. काकूंकडे तुळस नव्हती, त्यांनी तो गुलाबाला लावला. पाणपोईवर आले स्टीलचे पेले, राखेने लख्ख घासलेले. मी म्हटलं, "काका, धार तर उलट स्वच्छ ना? मतलब, उष्टं होत नाही."

"सगळ्याईले धार देत असते, तर मीही धारच ठेवली असती," ते म्हणाले. "मी पाह्यलं आहे ना. शेठ आला की गिलास निंघते, झाडूवाली आली की धार. अन् धारेतही फरक. कोनासाठी बोटभर उंच, कोनासाठी हातभर. मी पेले घासीन, दिवसभर घासीन. पन वस्तू एकच राहीन. जे शेठले, थेच सगळ्याईले."

उद्घाटनाला पार्षदजींनी माइक धरला आणि म्हणाले, हमारे मराठी पंडितजी के शुभ हाथों से. काकांनी शांतपणे माइक मागून घेतला. त्यांचं ते भाषण मला आजही तोंडपाठ आहे, कारण ते अगदीच छोटं होतं.

"मैं पंडित नहीं हूँ. मैं बौद्ध हूँ. मेरे दादा को गाँव के कुएँ से पानी नहीं लेने देते थे. ऊपर से कोई डालता था तो पीते थे, नहीं डालता था तो प्यासे लौटते थे. इसलिए मैंने प्याऊ माँगी. आइए, पानी पीजिए."

टाळ्या वाजल्या, पण पावसाचे चार थेंब पडून थांबावे तशा. माझ्या आईने माझा दंड घट्ट धरला होता. ती पुढे गेली, काकांच्या हातून पेला घेतला आणि प्यायली. पाठोपाठ मी. मग पार्षदजींच्या लक्षात आलं की त्यांना दुसरीकडे कार्यक्रम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली झाडणारी बाई आली. झाडू भिंतीला टेकवून ती नेहमीसारखी उकिडवी बसली आणि तिने ओंजळ पुढे केली. काकांनी पेला धरला. तिने ओंजळ सोडली नाही.

"भैयाजी, ऊपर से ही दे दो. आदत है."

"आदत मेरे घर में भी थी," काका म्हणाले. "छोड़ दी."

तिने पदराला हात पुसून पेला घेतला आणि अगदी सावकाश प्यायली. समोरच्या दारात खाटेवर बसलेल्या बुआजी हे सगळं बघत होत्या. बुआजी म्हणजे साऱ्या गल्लीची आत्या, विधवा, तोंडाने फटकळ, आणि गल्लीचं मत त्यांच्या खाटेवर तयार व्हायचं. त्या उठून आत गेल्या आणि दार लावलं. दुपारपर्यंत गल्लीचं मत ठरलं होतं.

त्यानंतर संध्याकाळी माठ सकाळइतकेच भरलेले असायचे. बाहेरचे कामगार, भाजीवाले, झाडूवाल्या बायका तेवढ्या येत. आमच्या गल्लीतलं कुणी नाही. कडाक्याची लू, म्हणजे उन्हाच्या झळांचा वारा, सुटली तरी लोक पाणपोईला वळसा घालून जात, आणि मला त्यांचा इतका संताप यायचा की मी कॉलेजला जाताना मुद्दाम तिथे थांबून, तहान नसताना, घटाघट पाणी प्यायचे. काका तसेच बसलेले. पांढरा सदरा, काखेत झेंड्या. मी चिडून म्हटलं, "कशाला बसता? कुणाला किंमत आहे?" ते म्हणाले, "गाडी रिकामी असली तरी गार्डाले ब्रेकव्हॅनमधी बसाच लागते, पोरी. रिकामी गाडी बिना गार्डाची सोडता येत नाई."

बुआजी मात्र रोज यायच्या. उन्हं तापली की डोक्यावरून ओढणी ओढून यायच्या, ओंजळ धरायच्या आणि हुकूम सोडायच्या, "ऊपर सूं घाल दे."

काका पेला पुढे करायचे. "गिलास लो, बुआजी."

"म्हूँ गिलास कोनी पकड़ूँ." म्हणजे पेला काही धरणार नाही.

"मैं ऊपर से नहीं डालूँगा."

इतकं झालं की दोघंही एकमेकांकडे बघत राहायचे. एकीची ओंजळ, एकाचा पेला, आणि मध्ये वीतभर अंतर. शेवटी काका लाल झेंडी काढायचे, बुआजी त्यांना अंगठा दाखवायच्या आणि तहानलेल्याच परत जायच्या. आई म्हणायची, "घरात माठ आहे तिच्या. मग येते कशाला?" मला वाटतं, त्या भांडणाशिवाय दोघांचाही दिवस सरत नसावा.

मग अभियानाची पाहणी जाहीर झाली. वरून मोठे अधिकारी येणार, आदर्श वॉर्डाला ढाल मिळणार. पार्षदजी हात जोडून काकांच्या घरी आले. मी तेव्हा काकूंकडे होते. म्हणाले, "गार्डसाहब, आपकी बहुत इज़्ज़त है. आप मार्गदर्शक बन जाइए, पत्थर पर आपका नाम खुदवा देंगे. बस उस दिन बैठेगा दूसरा आदमी. और रामझारा लगा देंगे. सफ़ाई का मामला है, और कुछ नहीं."

काकांनी लाल झेंडी काढून ती दोघांच्या मध्ये, टीपॉयवर, उलगडून ठेवली. पार्षदजींनी तिच्यावरच चहाचा कप ठेवला. काकूंनी तो कप उचलला, झेंडी झटकली आणि पुन्हा तिथेच अंथरली. "चाय हो गई आपकी," त्या म्हणाल्या. मी काकूंना एवढं मोठ्याने बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

पाहणीच्या दिवशी पार्षदजींनी कुठून तरी गर्दी आणली होती, बँड आणला होता, नवा रामझाराही आणला होता. पण काका पहाटेपासून जागेवर होते आणि त्यांना उठवायचं कुणाला धाडस झालं नाही. पाणपोईच्या खांबावर त्यांनी बाजारातल्या पेंटरकडून रंगवून घेतलेली पाटी ठोकली होती. पिवळ्यावर काळी, एलव्ही. अधिकाऱ्यांची गाडी कोपऱ्यावर आली आणि काका रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. लाल झेंडी पूर्ण उघडून, हात ताठ. गाडीने ब्रेक मारला.

अधिकारी उतरले. तसे सभ्य दिसत होते. त्यांनी विचारलं, "क्या बात है, बाबा? काम पूरा हुआ न?"

"पहले पानी पीजिए," काकांनी पेला पुढे केला.

सगळी गर्दी त्या पेल्याकडे बघायला लागली. उन्हाने अधिकाऱ्यांचा चेहरा लाल झाला होता, ओठ सुकले होते. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग पार्षदजींकडे. पार्षदजी कानाशी काहीतरी पुटपुटले. अधिकारी म्हणाले, "नहीं, नहीं, अभी पिया है," आणि दोनच पावलं मागे जाऊन त्यांनी गाडीतली बाटली उघडली.

काकांनी पेला खाली ठेवला आणि पाटीकडे बोट केलं. "तो काम पूरा नहीं हुआ, साहब. मैं गार्ड आदमी हूँ. आख़िरी डिब्बा आए बिना मैं नहीं कहता कि गाड़ी आ गई. आपका इंजन आया है. डिब्बे पीछे छूट गए हैं."

ढाल दुसऱ्या वॉर्डाला गेली. महिनाभरातच, शहर सुंदर करण्याच्या त्याच अभियानात, पाणपोई अतिक्रमण ठरली. माणसं आली, खोप पाडली, दोन माठ फोडले. तिथे संगमरवरी फरशीसकट पाणी गार करायचं यंत्र बसलं. फरशीवर पार्षदजींचं नाव अजून वाचता येतं. यंत्राचा नळ पहिल्याच उन्हाळ्यात गेला.

मला वाटलं होतं, आता काका थकतील. त्याच संध्याकाळी त्यांनी उरलेले माठ आपल्या घराच्या ओट्यावर मांडले, वाळू ओली केली आणि भिंतीला ती पाटी लावली. वडील समजवायला गेले, "जाऊ द्या आता. सरकारशी कशाला वाकडं घेता?" काका म्हणाले, "म्या कुठं वाकडं घेतलं? सरकारनं म्हटलं समाज सुधरवा. मी सुधरवून राह्यलो. त्याईनं अभियान बंद केलं असंन, माह्यं चालू आहे."

आणि ते चालूच राहिलं. कामगार आता गल्लीत शिरून ओट्यावर यायला लागले. पुढच्या उन्हाळ्यात कुणाचं तरी लहान मूल येऊन पाणी प्यायलं आणि त्याला मार पडला, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आलं. मग मुलांमागे सुना आल्या. हळूहळू, कुणी न सांगता, गल्ली पाणी प्यायला लागली. राहिल्या त्या बुआजी. ओंजळ, पेला, झेंडी, अंगठा.

मग काकांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी सांगितलं, आराम करा. काकूंनी सांगितलं, आता मी बसते. काकांनी दोघांनाही लाल झेंडी दाखवली. माझं लग्न ठरलं होतं, पुण्याला जायचं होतं, म्हणून मी त्या दिवसांत रोज दुपारी ओट्यावर जाऊन बसायचे. मे महिना होता. बुआजी आल्या, ओंजळ धरली. "ऊपर सूं घाल दे."

काकांनी पेला भरला आणि पुढे केला. हात थरथरत होता. पाणी काठावरून हिंदकळायला लागलं, पेला कलला, बोटांतून सुटायला आला. मी उठायच्या आत बुआजींची ओंजळ मोडली आणि त्यांनी तो पेला दोन्ही हातांनी पकडला.

क्षणभर त्या तशाच उभ्या. हातात पेला, पेल्यात पाणी. परत ठेवला असता तरी चाललं असतं. त्यांनी चिडून एकदा काकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पेला तोंडाला लावून सगळा रिकामा केला.

"ढुळ जातो तो पाप लागतो," ओठ पुसत त्या करवादल्या. पाणी सांडलं असतं तर पाप लागलं असतं म्हणे.

काकांनी डाव्या हाताने काखेतली हिरवी झेंडी ओढून काढली. ती उलगडायला त्यांना वेळ लागला, आम्ही कुणीच मदत केली नाही. मग त्यांनी ती वर धरली, हात कोपरात न वाकवता.

"यो कांई छै?" बुआजींनी विचारलं.

"गाड़ी चल पड़ी, बुआजी."

मी म्हटलं, "काका, आला ना शेवटचा डबा?"

"थो कुठी आला, पोरी," ते म्हणाले. "लय लांब गाडी आहे. पार्षद राह्यला, थो साहेब राह्यला, अजून कितीक. पाटी काढू नोको." आणि त्यांनी पेला घासायला घेतला.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. मला पोहोचता आलं नाही. काकू मुलीकडे अमरावतीला जाताना वाटेत पुण्याला उतरल्या, तेव्हा त्यांनी जुन्या साडीत गुंडाळलेलं एक लांबट बोचकं माझ्या हातात ठेवलं. पाटी मात्र त्यांनी आणली नव्हती. ती बुआजींनी मागून घेतली, म्हणाल्या. माठांसकट.

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा होती. फाटकापाशी पिण्याच्या पाण्याचं यंत्र बसवायचं ठरत होतं. घरकामाच्या बायका, वॉचमन, सामान आणणारी मुलं यांच्यासाठी वेगळा पेला, साखळीने बांधलेला. आरोग्याच्या दृष्टीने, असं सेक्रेटरी म्हणाले. नुसतं मंजूर म्हणायचं राहिलं होतं. हात वर करा, ते म्हणाले, आणि हात वर झाले.

मी पिशवीतून काकांची लाल झेंडी काढली आणि उभी राहिले.

"मॅडम, हे काय?"

"गाडी थांबवलीय," मी म्हटलं. "शेवटचा डबा यायचाय."

कुणी हसलं, कुणी वैतागलं, सेक्रेटरींनी दोनदा बसायला सांगितलं. हात दुखायला लागला होता. मी तो खाली घेतला नाही.